साडेबारा हजार किलोमीटर

आमच्या मजल्यावर खंडारेसाहेब होते तोवर जगातल्या कुठल्याच शहराला आम्हाला नुसतं 'लांब' म्हणून मोकळं होता आलं नाही. जिन्यात कुणी सहज म्हणावं की भाचा मेलबर्नला चाललाय, आणि साहेबांच्या अर्धवट उघड्या दारातून आवाज यावा, "नऊ हजार आठशे किलोमीटर. थेट मिळालं तर बारा तास, मधे उतरला तर सतरा." मग जरा थांबून, "हे विमानाचे तास झाले. माणसाचे चोवीस धरा."

विमानाचे तास आणि माणसाचे तास हा त्यांनी स्वतः केलेला भेद. विमानाचे तास म्हणजे चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंत. माणसाचे तास म्हणजे आपल्या दाराला कुलूप लावल्यापासून दुसऱ्या दाराची बेल वाजवेपर्यंत. त्यात तीन तास आधी पोचणं आलं, मधल्या विमानतळावर ताटकळणं आलं, पासपोर्टची रांग, बॅगेची वाट, आणि शेवटी सहार विमानतळ ते आमचं नाहूर हा रस्ता, जो साहेबांच्या मते साऱ्या प्रवासातला सगळ्यात बेभरवशाचा भाग होता. बाकीचे आकडे ते छातीठोक सांगायचे. साकीनाक्यापुढचं मात्र "जसं असेल तसं" म्हणायचे.

मूळचे वाशीमकडचे. अंधेरी पूर्वेला एका तिकिटं काढणाऱ्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाले तरी सकाळी नऊला इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात असायचाच. फोन आला की उभे राहायचे आणि बोलणं संपेपर्यंत बसायचे नाहीत. भाजीवाल्याचा फोन असला तरी. त्यांची बायको शालिनीताई टपाल खात्यात होत्या, बोलायला फटकळ. "ह्यांना टोरांटोची वाट पाठ आहे, भांडुपच्या भाजीबाजाराची विचारा," असं त्या साहेबांच्या तोंडावर म्हणायच्या आणि साहेब मान हलवून कबूल करायचे.

मी पालिकेच्या शाळेत शिकवायचे. एकदा साहेबांना माझ्या सातवीच्या वर्गावर घेऊन गेले. त्यांनी शाळेचा धुळीचा पृथ्वीगोल रुमालाने पुसला आणि एक दोरा मुंबईवर धरून दुसरं टोक टोरांटोवर ताणलं. दोरा आडवा न जाता वर चढला, रशियाच्या अंगाने, बर्फाच्या बाजूने. एक मुलगी म्हणाली, सर, नकाशावर तर असं दिसत नाही. साहेब म्हणाले, "नकाशा सपाट असतो, म्हणून खोटं बोलतो. दोरा खरं बोलतो." मुलांना ते फार आवडलं. मधल्या सुट्टीत सगळे दोरे घेऊन गोलाला भिडले होते.

असा हा काटेकोर माणूस एका बाबतीत खोटं बोलायचा, आणि तेही तितकंच काटेकोरपणे.

आमच्या सोसायटीत घरोघर कुणी ना कुणी बाहेर. मुलगा तरी, नाहीतर मुलगी. त्यामुळे इथं माणूस गेलं की पहिला प्रश्न रडण्याचा नसतो, कळवण्याचा असतो. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी एका सकाळी अंघोळीला गेले आणि तिथंच गेले. मुलगा अमेय शिकागोला. कुलकर्णीवहिनींच्या तोंडून शब्द फुटेना, त्यांचे दीर फोन हातात घेऊन नुसते उभे होते. कुणीतरी खंडारेसाहेबांना बोलावलं. साहेब आले, कुलकर्ण्यांच्या पायाला हात लावला, आणि विचारलं की अमेयला कुणी काही कळवलंय का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "बरं झालं. आता कळता कामा नये."

मग ते खिडकीपाशी उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला. "अमेय, खंडारेकाका बोलतोय. बाबांना जरा बरं नाही. आयसीयूत ठेवलंय. घाबरू नकोस, डॉक्टर आहेत. पण एकदा येऊन भेटून जा. तिकीट मी बघतो." पलीकडून अमेयने व्हिडिओवर दाखवा म्हटलं असणार, कारण साहेब म्हणाले, "आयसीयूत फोन नेऊ देत नाहीत रे." आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. बाईमाणसाने सांगितलं की पोरांना धीर येतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "हो रे, मी आत्ताच बघून आले." ते म्हणताना कुलकर्णी माझ्या समोर चटईवर होते, नाकात कापूस घातलेले.

पुढे ती पद्धतच पडली. वाक्यं तीच, क्रम तोच, आणि शेवटी फोन माझ्याकडे. साहेबांनी सगळं बसवलं होतं. मुलाचं विमान टेकेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. मधल्या विमानतळावरून त्याचा फोन येईल, तो एकाच माणसाने घ्यायचा आणि म्हणायचं, आहेत, ये तू. विमानतळावर जवळच्यांपैकी कुणीतरी जायचं, आणि बॅग हातात आल्यावर, गाडीत बसायच्या आधी, दंड धरून सांगायचं. साहेब स्वतः विमानतळावर कधी जात नसत. त्यांचं काम तास मोजण्याचं आणि तेवढे तास बातमी दाबून धरण्याचं.

एकदा मी त्यांना विचारलं, हे कशासाठी? तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, गावाहून तार आली, वडील गेले. ते एकटेच एसटीत बसले. सहाशे किलोमीटर. कसाऱ्याच्या घाटापासून त्यांना रडू आवरेना. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. वाहकाने दोनदा येऊन विचारलं, काय झालं, आणि प्रत्येक वेळी त्यांना ते मोठ्याने सांगावं लागलं, सगळ्या गाडीने माना वळवल्या. "ताई, मी सहाशे किलोमीटर तसा गेलो," ते म्हणाले. "ही पोरं बारा-तेरा हजार जाणार. पट्टा बांधून, अनोळखी माणसांच्या मधे बसून. रडायला जवळ आपलं माणूस हवं. तोवर नको कळायला." मला ते पटलं. आज कुणी विचारलं तर मी पटलं नव्हतं असं म्हणणार नाही.

त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. सावंतकाकू गेल्या तेव्हा त्यांचा नीलेश लंडनहून निघाला होता, आई आजारी आहे एवढंच ठाऊक. तो आखातात विमान बदलायला उतरला, फोनला फुकटचं वायफाय मिळालं, आणि समोर सोसायटीच्या ग्रुपवर आईचा हार घातलेला फोटो. बी विंगमधल्या एकाने घाईघाईने टाकलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग. नीलेश तिथल्या संडासात कडी लावून तीन तास बसला होता. घरी आल्यावर त्याने हे सांगितलं तेव्हा सावंतकाका एवढंच म्हणाले, "झिलाजवळ माझ्या कोणतरी होया होता." मुलाजवळ कुणीतरी हवं होतं, इतकंच. साहेब तडक बी विंगमध्ये गेले. मी मागोमाग. त्या माणसाच्या दारात ते उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचा अंगठा सात तास थांबला असता तर काय बिघडलं असतं?" तो माणूस माफी मागत राहिला. दुसऱ्या दिवशी ग्रुपचा कारभार त्यांनी आपल्याकडे घेतला.

हे सगळे फोन व्हायचे तेव्हा त्यांची एकुलती एक प्रज्ञा कॉलेजात होती. कुलकर्ण्यांकडे त्या सकाळी तीही आली होती, वहिनींच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. नंतरचे किती फोन साहेबांनी घरच्या हॉलमधून केले आणि ती तिथंच टेबलावर अभ्यास करत होती. एकदा तिने शालिनीताईंसमोर आणि माझ्यासमोर वडिलांची नक्कल केली. खिडकीपाशी उभी राहून, मान किंचित तिरकी करून, "घाबरू नकोस, डॉक्टर आहेत. पण एकदा येऊन भेटून जा." हुबेहूब. शालिनीताईंनी तिला गप्प केलं, असलं काही तोंडातून काढू नये म्हणाल्या. ती हसली आणि साहेबांना म्हणाली, बाबा, माझ्या बाबतीत असं काही करायचं नाही हं. साहेब म्हणाले, तू कुठं चाललीयस बाहेर?

चार वर्षांनी ती टोरांटोला गेली. तिथंच नोकरी, लग्न, आणि मीरा नावाची मुलगी. टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर. माणसाचे पंचवीस-सव्वीस तास.

शालिनीताई आजारी पडल्या त्या एका आठवड्याच्या खोकल्याने. सोमवारी मुलुंडच्या एका इस्पितळात नेलं, न्यूमोनिया निघाला, सरळ आयसीयूत. तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क. शुद्ध होती, बोलता येत नव्हतं. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, मुलीला बोलावून घ्या, वेळ घालवू नका.

मी डबा घेऊन गेले होते. साहेब बाकावरून उठून उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला. तिथं सोमवारची रात्र. "प्रज्ञा, आईला जरा बरं नाही. आयसीयूत ठेवलंय. घाबरू नकोस, डॉक्टर आहेत. पण एकदा येऊन भेटून जा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. बायको आत तडफडत असताना माणूस नवे शब्द कुठून आणणार? जे तोंडात बसले होते तेच बाहेर पडले. पलीकडे प्रज्ञाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आईला व्हिडिओवर दाखवा. साहेब म्हणाले, "आयसीयूत फोन नेऊ देत नाहीत." हेही खरं; दारावर तशी पाटीच होती. आणि सवयीने त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मीही सवयीनेच म्हटलं, "हो गं, मी आत्ताच बघून आले." मी खरंच बघून आले होते.

"बरं मावशी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "बाबांना जेवायला घाला." साहेब तिला तिथल्या मंगळवारी दुपारी अडीचच्या विमानाबद्दल सांगू लागले, जागा आहेत, लगेच घे. ती म्हणाली, तिकिटाचं आम्ही बघतो बाबा, तुम्ही धावपळ करू नका. फोन ठेवल्यावर साहेबांनी ती अडीचचंच घेणार असं धरलं आणि मला म्हणाले, पोरीने किती शांतपणे घेतलं बघा. मलाही तिचं कौतुक वाटलं.

चार ते पाच भेटायची वेळ, एका वेळी एकच माणूस. साहेबांनी आत जाऊन शालिनीताईंना सांगितलं, प्रज्ञा निघतेय, उद्या संध्याकाळी सातला उतरेल. बुधवारी सकाळी पाच मिनिटं सोडलं तेव्हा सांगितलं, अटलांटिक ओलांडला. दहा वाजता सिस्टरला गळ घालून पुन्हा आत गेले आणि सांगून आले, युरोप मागे पडला. शालिनीताई बोटं वर करून विचारायच्या, अजून किती तास, आणि साहेब बोटं मोजून दाखवायचे. काचेतून मला ते दिसायचं. आयुष्यभर साहेबांच्या ज्या आकड्यांची त्यांनी चेष्टा केली ते आकडे त्या आता मागून घेत होत्या.

पावणेएकला मधल्या विमानतळावरून फोन यायला हवा होता. एक वाजला, सव्वा वाजला. साहेबांनी स्वतःच लावला. तो टोरांटोतल्या घरी वाजला आणि प्रज्ञाने झोपेतून उचलला.

साहेब फोन कानाला लावून उभे होते, मी अगदी शेजारी. ती म्हणत होती, बाबा, आम्ही गुरुवारचं घेतलंय. मीराचा व्हिसा आज हातात येईल, तिघंही येतो. मग अडखळून म्हणाली, "तोपर्यंत ठेवाल ना?"

"काय ठेवू?" साहेबांनी विचारलं.

"आईला."

साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. मला आधी समजलं. साहेब म्हणाले, अगं, आई आहे. आत आहे. जिवंत आहे. प्रज्ञा रडायला लागली होती. "बाबा, पुरे ना आता. मला पहिल्याच वाक्याला कळलं. कुलकर्णीकाकांच्या वेळी मी तिथंच बसले होते."

साहेब तिला परत परत तेच सांगत राहिले, आणि जितकं सांगत होते तितकं ते खोटं वाटत होतं. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "प्रज्ञा, तुझ्या मीराची शपथ, आई जिवंत आहे." ती म्हणाली, "मावशी, तुम्ही अमेयलापण असंच सांगितलं होतं."

बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, माझ्या शब्दाला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्या बाकाजवळ उभी असताना माझा शब्द कवडीमोलाचा झाला होता, आणि तो मीच केला होता. मला लाज वाटली, आणि लाजेचा राग आला. मी जाऊन आयसीयूचं दार वाजवलं आणि सिस्टर बाहेर आली तिच्यासमोर सगळं ओकले. अमेय, नीलेश, सगळं. ती ऐकत राहिली. नियम आहे म्हणाली. मग म्हणाली, चार वाजता साहेबांबरोबर फोन आत येऊ दे, मी बघते.

चार वाजता तिने स्वतः फोन शालिनीताईंच्या तोंडासमोर धरला. मी काचेबाहेर होते. शालिनीताईंनी डोळे उघडले, सुई लावलेला हात उचलला आणि बोटं हलवली, ये म्हणून. फोनमधून "आई" अशी एकच हाक आली, ती बंद दारातूनही ऐकू आली.

प्रज्ञा तिथल्या त्याच दिवशी दुपारच्या विमानात एकटी बसली. मुलीला नवऱ्याकडे ठेवून, हातात एक बॅग घेऊन. गुरुवारी संध्याकाळी सातला उतरणार होती. शालिनीताई गुरुवारी सकाळी अकराला गेल्या. विमान तेव्हा काळ्या समुद्राच्या आसपास असणार. हे मला साहेबांनीच सांगितलं, भिंतीकडे बघत. मग म्हणाले, "मंगळवारचं घेतलं असतं तर काल रात्री साडेआठला ती इथं होती. साडेचौदा तास मिळाले असते दोघींना." तेवढंच. पुन्हा हा हिशेब त्यांनी माझ्यासमोर कधी काढला नाही.

पावणेएकला फोन वाजला. साहेब उभेच होते. मला वाटलं होतं, आता तरी ते सांगतील. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आहे. ये तू. काहीतरी खाऊन घे, आणि जरा झोप." ह्या वेळी तिचा लगेच विश्वास बसला. आदल्या दिवशी तिने आईचा हात हललेला पाहिला होता. मी फोन हिसकावून घेऊ शकले असते. घेतला नाही. त्या घडीला मलाही वाटलं, असू दे, तेवढे तास तरी पोरीला बरे जाऊ देत.

पहिल्यांदाच साहेब स्वतः विमानतळावर गेले. मी सोबत. प्रज्ञा जवळजवळ पळतच बाहेर आली आणि म्हणाली, चला लवकर, भेटायची वेळ गेली असेल, पण सिस्टर सोडेल ना आत? बॅग हातात आली होती, गाडी यायची होती. हीच ती वेळ होती, साहेबांनीच ठरवलेली. त्यांनी तिचा दंड धरला, आणि त्यांच्या तोंडून काही निघेना. गाडी आली, आम्ही बसलो. साकीनाका गेला. पवईच्या तलावापाशी गाड्या तुंबल्या होत्या, तिथं त्यांनी सांगितलं.

प्रज्ञा ओरडली नाही. किती वाजता, एवढं विचारलं. साहेबांनी अकरा सांगितलं. तिने मनाशी काहीतरी मोजलं, मुलगी त्यांचीच.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा ती गेली होती," ती म्हणाली. "मी जेवले बाबा. पोटभर जेवले. शेजारच्या बाईला आईचा फोटो दाखवला, म्हटलं आता बरी आहे. मग झोपले. मी शांत झोपले होते."

साहेबांना आयुष्यभर पोरांसाठी हेच तर हवं होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सगळं झालं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, बुद्धवंदना, गावाकडची माणसं. प्रज्ञा बारा दिवस राहिली. वडिलांशी भांडली नाही, त्यांचं जेवणखाण बघितलं, कपाटं आवरली. फक्त त्यांनी काहीही सांगितलं, अगदी दूध आणलंय म्हटलं तरी, ती जाऊन फ्रिज उघडून बघायची. मुद्दाम करत नव्हती. तिलाही ते कळलं तेव्हा ती फ्रिजचं दार धरून रडली.

परत गेल्यावर ती दर रविवारी व्हिडिओवर फोन करायची. पहिले काही क्षण काहीच बोलायची नाही, नुसती बघायची. ती काय तपासते आहे ते साहेबांना माहीत होतं. ते चेहरा हलवायचे नाहीत, तिला हवं तेवढं बघू द्यायचे.

त्यांनी ग्रुप सोडला. जिन्यातल्या गप्पांना दारातून आकडे येणं बंद झालं. त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचे पाटील गेले, तेव्हा त्यांचा धाकटा धावत वर आला. भाऊ सिडनीला, काका, फोन करता का? साहेब दारात उभे राहिले. सिडनी दहा हजार एकशे, माणसाचे सव्वीस तास, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "फोन तू कर. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला विचारू नकोस." पोरगा माझ्याकडे वळला. मीही नकारार्थी मान हलवली.

दीड वर्षाने त्यांच्या हृदयाने हात टेकले. इस्पितळ तेच, मजला तोच. प्रज्ञा यावेळीही पोचली नाही, हे आधीच सांगून टाकते. तिने काही चूक केली नाही, कुणी काही लपवलं नाही, पहिलं विमान घेतलं, आणि तरीही साडेआठ तास कमी पडले. मधल्या विमानतळावरून तिने फोन केला तो मी घेतला. मी म्हटलं, "गेले गं. बारा वाजता." ती म्हणाली, मावशी, फोन ठेवू नका. मी ठेवला नाही. तिकडे घोषणा चालू होत्या, माणसं बोलत जात होती, ती रडत होती आणि मी ऐकत होते. तिच्या विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही तशाच होतो.

पण मला साहेब आठवतात ते त्याच्या आदल्या संध्याकाळचे. सहा वाजले होते, टोरांटोत सकाळ. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, एक दिवस, फार तर दीड. मी म्हटलं, मी लावते फोन. ते नको म्हणाले. त्यांना उभं राहायचं होतं. सिस्टरने रागावून झोपवलं, तेव्हा निदान बसवा म्हणाले. पाठीला दोन उश्या लावल्या. त्यांनी मास्क खाली ओढला आणि व्हिडिओ लावून फोन स्वतःच्या हातात धरला.

"प्रज्ञा, मी आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, एक दिवस, कदाचित दीड. दुपारचं विमान घेतलंस तर उद्या रात्री साडेआठला इथं पोचशील. तोवर मी असेन की नाही, मला माहीत नाही. मधे उतरलीस की ताईंना फोन कर. जे असेल ते त्या सांगतील."

मग तिने विचारलं, "बाबा, खरं ना?"

साहेबांनी फोन आणखी जवळ घेतला, इतका की तिला त्यांचे डोळेच दिसत असतील. धाप लागली होती, हात थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून स्थिर केला. "बघ," ते म्हणाले. "नीट बघून घे."

ती बघत राहिली. साहेबांनी पापणी हलवली नाही.

"निघाले बाबा," ती म्हणाली.